कोपराचं हाड जुळलं, आता कड्यावर कधी जाऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची, नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. कॉलेजपासून क्लाइंबिंग करते. जुलैत वॉलवर (चढाईच्या भिंतीवर) बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीची चढाई करताना वरचा होल्ड (पकड) निसटला आणि पडताना नकळत उजवा हात मागे टेकला गेला. कोपराजवळ रेडियस हाडाचं (कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं) डोकं मोडलं. तुकडा सरकला होता म्हणून ऑपरेशन करून दोन बारीक स्क्रू घातले. त्याला आता सात आठवडे झाले. एक्स-रे चांगला आहे असं सर्जन म्हणतात, पण हात पूर्ण सरळ होत नाही, साधारण ३५ अंश बाकी राहतात. वाकतो ११५ पर्यंत. तळवा आकाशाकडे वळवताना मध्येच अडतो. आजी रोज म्हणते, मालिश करून घे. तिच्या ओळखीचे एक जण 'दोन बैठकांत हात मोकळा करून देतो' म्हणतात. आमचा ग्रुप जानेवारीत बदामीला क्लाइंबिंगला चाललाय. मला जाता येईल का? तोवर डाव्या हाताने फिंगरबोर्ड (बोटांनी लटकायची फळी) केला तर चालेल? आणि खरं विचारायचंय ते हे, की हा हात असाच राहिला तर?

उत्तर : मालिशीबद्दल तुला अंक निघायची वाट न बघता आधीच कळवलं होतं. इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहिते, कारण महिन्याकाठी असं एक तरी पत्र येतंच. मोडलेल्या कोपराला मालिश नको. कोणाच्याही हातची नको, कोणत्याही तेलाची नको, आणि 'झटका देऊन मोकळा करतो' म्हणणाऱ्याच्या तर जवळही जाऊ नकोस.

कोपराच्या पुढच्या बाजूला ब्रेकिॲलिस नावाचा स्नायू आहे. तो सांध्याला अगदी चिकटून असतो, त्यामुळे हाड मोडतं तेव्हा बहुतेक वेळा तोही ठेचला जातो. अशा स्नायूला चोळलं किंवा हात जबरदस्तीने ताणला की आत पुन्हा रक्तस्राव होतो आणि काहींच्या बाबतीत त्या जागी चक्क हाड तयार व्हायला लागतं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. स्नायूत हाड आलं की कोपर जिथे आहे तिथे कुलूपबंद होतं. मग ते हाड पक्कं होईपर्यंत कित्येक महिने थांबायचं आणि पुन्हा ऑपरेशन. माझ्याकडे आलेली सगळ्यात वाईट कोपरं मोठ्या अपघातांची नव्हती. साध्या फ्रॅक्चरनंतर कुणीतरी प्रेमाने चोळून दिलेली होती. हे लिहिताना मला आजही त्रास होतो, कारण यातलं प्रत्येक कोपर वाचलं असतं.

आजीला मात्र दुखवू नकोस. झोळीत हात राहिल्याने तुझा खांदा, मान आणि पाठीचा वरचा भाग आखडला असणार. तिथे तिच्या हातचं कोमट तेल खुशाल लावून घे. बोटांनाही लावून घे. कोपराच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं एवढी जागा तेवढी सोडायची, हे तिला हात दाखवून सांग.

आता ते इतकं का आखडतं ते सांगते. कोपराच्या एकाच पिशवीत तीन सांधे आहेत. दंडाच्या हाडाचा अल्नाशी (करंगळीच्या बाजूच्या हाडाशी) एक, रेडियसशी दुसरा, आणि अल्ना-रेडियसचा आपसातला तिसरा. पहिल्या दोघांमुळे हात वाकतो, तिसऱ्यामुळे तळवा फिरतो. तुझं मोडलं ते रेडियसचं डोकं दुसऱ्या आणि तिसऱ्या सांध्यात येतं, म्हणून तुझं वाकणंही अडलंय आणि तळवाही. ही पिशवी फार बेताच्या मापाची असते. आत रक्त साचलं, सूज आली की तिची पुढची बाजू ओलं होऊन वाळलेल्या चामड्यासारखी आखडते. म्हणूनच मोठ्या माणसाचं कोपर तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवायला सर्जन तयार नसतात. तुला स्क्रू घातले त्यामागे हाही विचार असणार, की हाड पक्कं धरलं जावं आणि हात लवकर हलवता यावा.

सात आठवड्यांना ३५ अंश बाकी असणं हे माझ्या दृष्टीने काळजीचं नाही. कोपराची हालचाल सहा महिन्यांपर्यंत चांगली वाढते आणि त्यानंतरही वर्षभर हळूहळू वाढत राहते. तू रोज आरशात मोजत असशील तर ते बंद कर. आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, सकाळी, भिंतीला पाठ लावून बाजूने फोटो काढ. रोजच्या मोजण्यात सूज, थंडी, झोप सगळं मोजलं जातं आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

किती हालचाल पुरेशी, यालाही आधार आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मॉरी आणि सहकाऱ्यांनी रोजची कामं करताना कोपर किती हलतं ते मोजलं होतं. बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या दरम्यान होतात, आणि तळवा दोन्हीकडे ५०-५० अंश फिरला तरी चालतं, असं त्यात दिसलं. फोन कानाला लावायचा तर याहूनही जास्त वाकावं लागतं. ११५ वर अडलेला तुझा हात वेणी घालताना आणि कानातलं अडकवताना तुला रोज अडवत असणार. म्हणून तू सरळ होण्याच्या मागे लागली असलीस तरी मी वाकण्याला तितकंच महत्त्व देईन.

क्लाइंबिंगसाठी हिशेब थोडा वेगळा. विसावा घेताना आपण सरळ हाताने लटकतो. हात वाकलेला राहिला की दंड आणि कोपराखालचा भाग लवकर पंप होतो (फुगून थकतो), म्हणून सरळ होणं महत्त्वाचं. तरी शेवटचे दहा अंश कधीच परत आले नाहीत तर? काही बिघडत नाही. असे हात माझ्या ओळखीत आहेत आणि ते हात आज लीड करतात, म्हणजे दोर सोबत नेत सगळ्यांत पुढे चढतात. तळवा दगडाकडे असतो तेव्हा तो खाली वळलेला असतो, ते तुला जमतंय. वर वळलेला तळवा लागतो तो अंडरक्लिंगला (पकड खालच्या बाजूने धरून वर ओढायला), आणि घरी ओंजळीत पाणी घ्यायला. त्यावर काम करायचं आहे.

काम म्हणजे थोडं थोडं आणि पुष्कळदा. जागेपणी दर दोन तासांनी पाच-सात मिनिटं. सकाळ-संध्याकाळ तासभर घाम गाळण्यापेक्षा याने कोपर लवकर मोकळं होतं, हे मी अगदी खात्रीने सांगते. आधी कोमट ओल्या फडक्याने दहा मिनिटं शेक. मग उताणी झोप, दंड छताकडे सरळ उभा ठेव आणि हाताच्या वजनानेच तळवा कपाळाकडे, नंतर खांद्याकडे उतरू दे. दुसऱ्या हाताचा आधार चालेल, ढकलायचं नाही. सरळ करण्यासाठी टेबलापाशी बस, दंडाखाली टॉवेलची घडी ठेव आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर मोकळं सोड. आधी नुसतं हाताचं वजन पुरे. पुढे फिजिओने परवानगी दिली की अर्ध्या लिटरची बाटली मनगटाला बांधून शांतपणे दहा मिनिटं. हलकं वजन जास्त वेळ, हाच कोपराचा स्वभाव आहे. तळव्यासाठी कोपर बरगडीला चिकटव, हातात लाटणं उभं धर आणि तळवा सावकाश वर-खाली फिरव. लाटणं मध्यावर धरलं तर हलकं पडतं, टोकाला धरलं तर जड. पुढच्या महिन्यात त्याच जागी हातोडी घे.

पाण्याची भरलेली बादली उचलून चालायचं, म्हणजे हात आपोआप सरळ होतो, असं तुला कुणीतरी सांगेलच. करू नकोस. वजन पेलायला दंडाचे स्नायू उलट घट्ट होतात, आणि ज्यांना सैल करायचं तेच आवळले जातात.

व्यायाम जास्त झाला की नाही हे कोपरच सांगतं. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या-पाऊण तासात ओसरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जास्त सुजलेला किंवा आदल्या दिवसापेक्षा कमी हलणारा वाटला तर प्रमाण निम्म्यावर आण. महिनाभर मनापासून केलं आणि हालचाल एकाच जागी, दगडाला दगड लागावा तशी कडक अडते आहे असं वाटलं तर पुन्हा एक्स-रे काढायला सांग. कधी स्क्रूचं टोक, कधी हाडाचा कण मध्ये येतो. तो व्यायामाने जात नाही.

डाव्या हाताने फिंगरबोर्ड? कर, पण पाय स्टुलावर ठेवून. एका हाताला दिलेल्या व्यायामाने दुसऱ्या हाताची ताकद थोडीफार टिकते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र नुसत्या डाव्या हातावर पूर्ण वजन टाकून लटकलीस तर त्या बोटांची आणि खांद्याची दुखापत घेऊन परत मलाच लिहिशील. पोटाचे, पाठीचे, पायांचे व्यायाम भरपूर कर. किल्ल्यांवर फिरायला हरकत नाही, पण पावसाळा सरेपर्यंत शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओली कातळं टाळ. या घडीला तुझ्या हाडाला ओढण्यापेक्षा पडण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

आता ज्यासाठी तू पत्र लिहिलंस ते. दोरावर परत कधी?

'किती आठवड्यांनी' असं मला कुणी विचारलं की मी उलट काही गोष्टी विचारते. हाड पूर्ण जुळलं आहे असं सर्जनने एक्स-रे बघून स्पष्ट शब्दांत सांगितलं का? कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या खळग्यात बोट दाबून तळवा फिरवला तर दुखतं का? हात १३० च्या आसपास वाकतो का, आणि सरळ होताना वीस अंशांपेक्षा कमी बाकी राहतात का? भिंतीला दोन्ही हात टेकून दंड मारताना दोन्ही हात सारखे वाटतात का? मुठीची ताकद यंत्रावर मोजली तर दुसऱ्या हाताच्या ८०-९० टक्के भरते का? पाय स्टुलावर ठेवून बारला अर्धा मिनिट शांत लटकता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी कोपर गप्प असतं का? या सगळ्यांचं उत्तर 'हो' आलं, आणि खळग्याच्या प्रश्नाचं 'नाही', की चढ. तुझ्यासारख्या दुखापतीत हे बहुधा तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान येतं. कुणाला पाच लागतात. लागू देत.

सुरुवात टॉप रोपवर (वरून आलेल्या दोरावर), कललेल्या सोप्या भिंतीवर, मोठ्या होल्डवर. पायावर चढायचं. आपल्याकडे नव्या मुलांना पहिल्या दिवशी जे शिकवतात, हात फक्त तोल सांभाळायला, तेच आता तुला महिनाभर खरोखर पाळायचं आहे. एक दिवस चढलीस की दोन दिवस सुट्टी. लॉक-ऑफ (वाकलेल्या हातावर शरीर रोखून धरणं), अंडरक्लिंग, मॅन्टल आणि उड्या यातलं काही नको. मॅन्टल सगळ्यांत शेवटी, कारण तळहातावर पूर्ण वजन टाकून वर उठताना भाराचा मोठा वाटा नेमका रेडियसच्या डोक्यावर येतो.

आणि बोल्डरिंग या सगळ्याच्या नंतर. दोरावर हात सुटला तर दोर धरतो. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक सुटणं जमिनीपर्यंत असतं, आणि कोपराची बहुतेक मोडतोड ही पडताना हात मागे टेकल्यानेच होते. तुझीही तशीच झाली. म्हणून परत जाण्याआधी पडायला शीक. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, पाठीवर लोळायचं, आणि त्या पूर्ण वेळात हात छातीशी आवळलेले. आधी पॅडवर उभ्याउभ्याने, मग एक फुटावरून, मग दोन. शरीराला हे विचार न करता जमेपर्यंत वर जायचं नाही. आपल्याकडच्या वॉलवर चढायला शिकवतात, पडायला फार कमी ठिकाणी शिकवतात, आणि हे बदलायला हवं असं मला फार वाटतं.

ज्या गोष्टीकडे परत येणाऱ्या सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती म्हणजे बोटं. दोरावर परतशील तोवर तीन-चार महिने तू होल्ड धरलेला नसशील. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परत येते, पण बोटांत स्नायुबंध हाडाशी धरून ठेवणारे जे पट्टे असतात, ज्यांना आपण पुली म्हणतो, त्यांना बळ यायला महिने लागतात. डोक्यात मात्र जुन्या हालचाली जशाच्या तशा असतात. कोपर साथ देतंय या आनंदात माणूस बारीक होल्डवर क्रिंप करतो (बोटं मधल्या पेरात घट्ट वाकवून धरतो) आणि अनामिकेची पुली फाटते. कोपरातून नीट सावरून बोटांनी पुन्हा घरी बसलेले क्लाइंबर मी पाहिले आहेत. पहिले दोन महिने बोटं उघडी ठेवून धर, अंगठा वर चढवून क्रिंप अजिबात नको.

बदामीला जा. जानेवारीपर्यंत तुला साडेपाच-सहा महिने होतील, वरच्या प्रश्नांची उत्तरं तोवर आलेली असतील. तिथला वालुकाश्म, त्यातल्या आडव्या धारा, बोल्ट मारलेले रूट (चढाईचे मार्ग), हे सगळं परतणाऱ्या हाताला सोसेल असं आहे, कारण एकाच कड्यावर सोपे आणि अवघड रूट शेजारीशेजारी मिळतात. सोप्या रूटवर, टॉप रोपवर, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, एवढंच ठरवून जा. लीड करायचं नाही. बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना, आपोआप आवळणारं डिव्हाइस वापर, असं सांगेन, आणि त्याचा सराव आधी वॉलवर करून जा, कारण ब्रेकचा हात तुझा उजवाच असणार. ग्रुपला हे सगळं नाशिकहून निघण्याआधी सांग. कड्याखाली उभं राहिल्यावर सांगितलं की आग्रह होतो आणि आपणही भुलतो. परतताना कुणी म्हणेल, इथून हंपी जवळ आहे, दोन दिवस बोल्डरिंग करून जाऊ. त्याला तू फक्त फोटो काढायला जा.

सह्याद्रीतले सुळके या हिवाळ्यात नकोत. वानरलिंगी असो, लिंगाणा असो की तैलबैल्याची भिंत, आपला बेसॉल्ट कधी होल्डसकट हातात येतो ते सांगता येत नाही. दिवस लांब असतो. अर्ध्यावर हात थकला म्हणून थांबता येत नाही, पुढे जुमारिंग (दोराला चाप लावून वर सरकणं) असतं, उतरायला रॅपल (दोरावरून खाली घसरणं) असतं, आणि वेळ आली तर दुसऱ्याला ओढून घेण्याची जबाबदारीही असते. ज्याच्या हातावर दुसऱ्याचा जीव आहे त्याचा हात पूर्ण बरा असायला हवा. यात मी कुणालाच सूट देत नाही. पुढच्या हिवाळ्यात जा, आणि जाऊन आल्यावर मला नक्की लिही.

'असाच राहिला तर' याचं उत्तर तुला वर मिळालं असेल. पहिल्यांदा दोराला गाठ मारशील तेव्हा भीती वाटेल, उजवा हात वर टाकायला कचरेल. त्या दिवशी अर्ध्यावरून खाली ये, दोराला दोन-तीनदा मुद्दाम बसून बघ, खाली बिले देणाऱ्याशी बोल. दोन-तीन आठवड्यांत हात आपणहून वर जायला लागतो.

प्रश्न : वय ४१, ठाणे. आठ महिन्यांपूर्वी ट्रेकला उतरणीवर कोपरावर आपटलो, ओलेक्रॅनन फ्रॅक्चर (कोपराच्या टोकाचं हाड मोडणं) झालं. तारा आणि पिना घालून बसवलं. आता पुन्हा चढतोय, पण कोपर टेबलावर टेकलं की तार टोचते, चिमणीत (दोन कड्यांमधल्या अरुंद फटीत) पाठ-कोपर लावून चढता येत नाही. शिवाय रात्री करंगळी बधिर होते. तारा काढाव्यात का?

उत्तर : दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत, एकत्र समजू नका.

तारेचं टोचणं अगदी नेहमीचं. आपण ज्यावर कोपर टेकतो ते अल्नाचं टोक, तिथे कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड पक्कं जुळलं असेल तर तारा काढता येतात. बहुतेक सर्जन त्यासाठी वर्षाच्या आसपास थांबतात. पण काढल्यावर पिनांच्या जागी भोकं राहतात आणि ती भरेपर्यंत हाड तिथे कमकुवत असतं. त्यात दंडामागचा मोठा स्नायू नेमका याच टोकाला ओढत असतो. तेव्हा काढल्यानंतर निदान सहा-आठ आठवडे लीड, बोल्डरिंग आणि पुश-अप्स बंद ठेवायची तयारी असेल तरच तारीख घ्या. मोसम ऐन भरात असताना ऑपरेशन करून पंधरा दिवसांत दोरावर येणारे मला अजिबात आवडत नाहीत. पावसाळ्यात काढा. तोवर चिमणीसाठी क्रिकेटवाले वापरतात तसं पातळ एल्बो गार्ड चालेल. तारेवरची कातडी लाल झाली, ओली झाली किंवा तारेचं टोक वर उचललेलं दिसलं तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका.

करंगळीचा बधिरपणा अल्नर नर्व्हचा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खोबणीतून ती जाते. हात वाकवून झोपलं की ती ताणली जाते. रात्री कोपराभोवती मऊ टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे हात पूर्ण वाकणार नाही. फोनवर बोलताना इअरफोन वापरा, खुर्चीच्या हातावर कोपर टेकवू नका. महिन्याभरात फरक पडायला हवा. मात्र दिवसाही बधिर वाटू लागलं, बारीक होल्डवर करंगळी-अनामिका साथ सोडू लागल्या, किंवा अंगठा आणि तर्जनीमधलं मांस दुसऱ्या हाताच्या तुलनेत खोल गेलेलं दिसलं, तर त्याच आठवड्यात सर्जनला भेटा आणि नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्या. दबलेली नस फार काळ तशीच ठेवली तर नंतर मोकळी करूनही ताकद पूर्ण येत नाही. तारा टोचतात तेवढ्या जोराने ही तक्रार बोलत नाही, पण दोन्हींत मला काळजी हिचीच आहे.

प्रश्न : हाड लवकर भरावं म्हणून घरचे डिंकाचे लाडू आणि कांडवेलीची भाजी देतात. उपयोग होतो का? (साताऱ्याचे वाचक)

उत्तर : डिंकाच्या लाडवात खोबरं, खारीक, तूप असतं, त्याने ताकद येते. आनंदाने खा. कांडवेल जुनी आणि आवडती आहे, पण ती खाऊन एक्स-रे लवकर सुधारतो असं ठामपणे मी म्हणणार नाही. हाडाला लागतं ते कॅल्शियम, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं, बाकी दूध-दही-ताक-तीळ यांतून. प्रथिनांसाठी रोज दोन्ही वेळा डाळ-उसळ किंवा अंडी. ऑफिसात बसून काम असेल तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आपल्याकडे उन्हाच्या देशातही ते पुष्कळांचं कमी निघतं. आणि सिगरेट किंवा तंबाखू असेल तर हाड जुळेपर्यंत तरी बंद. सिगरेटने हाड जुळायला उशीर होतो, त्यावर कोणताही लाडू चालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा. मे महिन्यात शिबिरात चढाईच्या भिंतीवरून उतरताना पडला. कोपराच्या वरचं हाड मोडलं, दोन पिना घातल्या, चार आठवड्यांनी काढल्या. त्याला आता तीन आठवडे झाले, हात अजून सरळ होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, मनगटाला वाळूची पिशवी बांधा. तो मात्र रोज विचारतो, भिंतीवर कधी जायचं? (कोल्हापूर)

उत्तर : वाळूची पिशवी नको, ओढणं नको, आणि पहिल्या पत्राच्या उत्तरात जे लिहिलं ते मालिशीचं तर मुलांना दुप्पट लागू. तुमच्या मुलाचं झालं ते सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, लहान मुलांच्या कोपराचं सगळ्यांत नेहमीचं. मोठ्यांचं कोपर आखडून बसतं, मुलांचं मात्र बहुधा आपलं आपण मोकळं होतं. त्याला व्यायामाचं वेळापत्रक देऊ नका. बादलीत खेळू दे, कणीक मळू दे, पतंग उडवू दे, कपडे स्वतः घालू दे. दुखत असेल तिथे तो स्वतःच थांबतो. काही मुलांना पूर्ण सरळ व्हायला तीन-चार महिने लागतात, काहींना थोडे जास्त. 'सरळ कर बघू' असं दिवसातून दहा वेळा म्हणू नका. त्याने तो हात लपवायला लागेल.

तुम्ही दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. दोन्ही हात सरळ पुढे धरायला सांगा, तळवे वर, आणि समोरून बघा. मोडलेला हात कोपरापासून शरीराकडे आत वळलेला दिसत असेल तर हाड किंचित वाकडं जुळलेलं असू शकतं. ते हात वापरायला फारसं आड येत नाही, पण सर्जनला दाखवायला हवं. दुसरं, अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला सांगा, बोटं फाकवायला सांगा, मनगट वर उचलायला सांगा. तिन्ही जमलं तर हाताच्या मुख्य नसा काम करताहेत. एखादं जमत नसेल तर फोन करून लगेच वेळ घ्या.

भिंतीवर? सर्जनने हाड जुळल्याचं सांगितलं, हात जवळजवळ सारखा हलायला लागला आणि तो घरी दोन्ही हातांवर रांगू-लोळू लागला की जाऊ द्या. पिना काढल्यापासून दोन-तीन महिने तरी धरा. जाताना दोर लावूनच, उतरताना स्वतः उडी न मारता बिले देणाऱ्याने सावकाश खाली सोडायचं, आणि शिबिराच्या शिक्षकांना आधी भेटून हे सांगा. भिंतीखाली गादी किती जाड आहे, एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत, हे विचारायला संकोच करू नका. नीट उत्तर देणारे शिक्षक असतील तिथेच त्याला पाठवा.